तापवलेला मध

प्रत्येक परीक्षकापुढे तीन वाट्या होत्या. दोहोंत कारखान्याचा मध, एकीत जांभळीच्या रानातला. वेगळी वाटी बहुतेकांना ओळखता आली नाही.

“भेद नाही, असं लिहा चित्कलाताई,” कारखान्याचे संचालक नाडगौडा म्हणाले. “म्हणजे मध वेगळा म्हणून कायद्यानं मधमाश्यांसाठी राखलेलं रान उद्यापासून तोडता येईल.”

संख्याशास्त्रज्ञ चित्कला आठवले यांनी लेखणी उचलली नाही. “भेद आढळला नाही, एवढंच लिहिता येईल. तो नाहीच, हे कुठं सिद्ध झालं?”

“शब्दांचा कीस काढू नका हो.”

चित्कलाताईंनी रानातला मध बोटावर घेऊन चाखला आणि त्यांचा चेहरा संतापाने लाल झाला. “हा तापवला कोणी?”

“रवाळ झाला होता. तिन्ही वाट्या दिसायला सारख्या हव्यात, हा तुमचाच नियम. म्हणून उकळून घेतला.”

“अहो, शेंबडं पोरही मध उकळत नाही! ज्या सुगंधाची ही परीक्षा, तोच तुम्ही चुलीवर उडवलात, आणि शिक्षा रानाला?”

“परीक्षा झाली, ताई. आता सही तेवढी करा.”

चित्कलाताईंनी निकालपत्रावर सावकाश लिहिले, ‘परीक्षकांना भेद कळला नाही, कारण तो परीक्षेपूर्वीच नष्ट करण्यात आला होता.’ त्याखाली त्यांनी सुवाच्य सही केली.