हिरवा काटा

बोट लाटांवर डुलत होती, पण अग्निशामक यंत्राचा काटा हिरव्या पट्ट्यावर गप्प उभा होता. हेमांगीला ते खटकलं. बोटीतली हवा हुंगून अग्निशामकाने होकार दिल्याशिवाय इंजिन सुरूच होत नसे, आणि हुंगताना काटा सतत थरथरे.

तिने पेट्रोलने भिजलेलं फडकं त्याच्याजवळ धरलं. काटा हलला नाही.

"मागच्या रविवारी उगाच लाल होऊन सहलीचं भाडं बुडवलं त्याने," दीर नजर चुकवत म्हणाला. "मी जरा समजावलंय त्याला. बसा वहिनी."

बोटीच्या पुढच्या टोकाला तिची मुलगी लाइफ जॅकेटचे बंद आवळत होती. नवरा गेल्यापासून मनात घोळत राहिलेलं हेमांगी अखेर बोलली, "भाऊजी, किल्ली द्या. या बोटीतली आपली भागीदारी संपली."