जुन्या कुलपातली फट

बाई काही उठायला तयार नव्हत्या.

स्वागतकक्षातल्या मुलीने त्यांना चहा दिला, पाणी दिलं, साहेब भेटत नाहीत असं गोड बोलून सांगितलं, मग जरा कमी गोड बोलून सांगितलं. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत ढिम्म बसून. गळ्यात पाहुण्यांचं कार्ड, त्यावर त्या मुलीनेच ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं त्यांचं नाव, मांडीवर पिशवी. सोमवारपासून रोज हेच चाललं होतं.

मागणं एवढंसं होतं. पिशवीतल्या पेनड्राइव्हवर एक प्रोग्रॅम होता, तो याच कंपनीच्या टूलने कुलूपबंद केलेला होता आणि तो त्यांना उघडून हवा होता. किल्ली नव्हती.

कंपनीचं पोट नेमकं उलट कामावर भरत होतं. लोक आपले प्रोग्रॅम या टूलमधून काढत. मग ते चालत, पण आतली एकही ओळ कुणाला वाचता येत नसे. वाचायला गेलं तर नुसता अक्षरांचा भुगा. किल्ली हरवलेल्यांना कंपनी सहानुभूती देई, बाकी काही नाही.

शेवटी मुलीने भिंगाला बोलावलं. भिंग म्हणजे इथला प्रोग्रॅमर. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायची खोड, म्हणून हे नाव. टूलच्या जुन्या कुलपात एक फट आहे हे त्यानेच शोधलं होतं.

"कुणी लिहिलंय हे?" त्याने विचारलं.

"लिहिणारं माणूस आता लिहीत नाही."

"मुलगा तुमचा?" मुलीने हळूच विचारलं.

"पोटच्या पोरासारखं जपलेलं काम आहे," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

मुलीचे डोळे भरून आले. दुपारपर्यंत मजलाभर झालं: कर्ता मुलगा गेला, किल्ली त्याच्याबरोबर गेली, आई दारात बसलीय. तो कशाने गेला तेही दोघातिघांना ठाऊक होतं.

भिंगालाही वाईट वाटलं. साहेबांच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही, असं त्याने समजावून सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमच्या जाहिरातीत नव्या सोयी दिल्यात," त्या म्हणाल्या. "प्रोग्रॅम ठरलेल्या मशीनवरच चालेल. मुदत संपली की आपोआप बंद पडेल. आणि जुन्या कुलपातली फट बुजवली. म्हणजे जुन्याला फट आहे. माझ्याकडचं जुनं आहे."

"आहे फट," भिंग म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नसे. या धंद्यात तो कसा टिकला देव जाणे.

"मग मी बसते. विनंती करत नाहीये मी. मागतेय."

गोष्ट साहेबांच्या कानावर गेली. ते तळघरातून लिफ्टने थेट केबिनमध्ये जात, त्यामुळे बाई त्यांना दिसल्याच नव्हत्या. आधी ते चिडले, वॉचमनला सांगून बाहेर काढा म्हणाले. त्यावर भिंगाने तोंडावर सांगितलं, तसं केलंत तर शुक्रवारी गिऱ्हाइकांना नवं टूल दाखवायला दुसरा माणूस शोधा. आणि शब्द मागे घेतला नाही.

मग एकदम साहेबांचा चेहरा खुलला. बाईंचं कुलूप शुक्रवारी गिऱ्हाइकांसमोर, मोठ्या पडद्यावर फोडायचं. जुनं कसं फुटतं ते डोळ्यांनी पाहिलं की नव्यावर उड्या पडतील. वर दुःखी आईला मदत केल्याचं पुण्य.

भिंगाला किळस आली. त्याने खाली येऊन बाईंना स्पष्टच सांगितलं, हो म्हणू नका, तुमच्या दुःखाचा तमाशा करतील. मी गुपचूप उघडून देतो, नोकरी गेली तर गेली.

"गुपचूप नको," बाई म्हणाल्या. "सगळ्यांसमोरच होऊ दे." आणि सोमवारपासून पहिल्यांदाच त्यांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

शुक्रवारी सभागृह भरलं. गिऱ्हाइकं अंधारात, साहेब उजेडात, पडद्याच्या वर टूलचं नाव माणसाएवढ्या अक्षरांत. साहेबांनी आपली नेहमीची गोष्ट सांगितली. टूलचा गाभा त्यांनी कॉलेजात असताना एकट्याने लिहिला. त्याला आजवर कुणाला हात लावू दिला नाही, स्वतःही लावला नाही. सगळ्या नव्या सोयी त्याच्या भोवतीने बांधल्या.

"आमच्या दाराला आमचंच कुलूप," ते म्हणाले. "तुम्ही विकत घेतलेल्या प्रत्येक टूलमध्ये हा गाभा आहे. पण आत कुणी डोकावू शकलेलं नाही. आमचा भिंगसुद्धा नाही."

लोक हसले. पुढच्या आठवड्यात त्या दारालाही नवं कुलूप लागणार, हेही साहेबांनी सांगून टाकलं. मग आवाज हळवा करून ते एका आईच्या गोष्टीकडे वळले. बाई शेवटच्या रांगेत होत्या. साहेबांनी कपाळाशी हात धरून तिकडे पाहिलं, पण दिव्याचा झोत डोळ्यांवर येत होता.

"उघडू ना, आई?"

"उघडा," अंधारातून आवाज आला. "पहिल्या ओळीपासून दिसू दे."

साहेब किंचित थबकले. मग त्यांनी भिंगाला खूण केली.

भिंगाने पेनड्राइव्ह लावला. त्याला ही जाहिरातबाजी मुळीच आवडली नव्हती, पण हात सवयीने चालत होते. पडद्यावरचा भुगा हलला आणि त्यातून ओळी उभ्या राहू लागल्या, नीटनेटक्या, जपून लिहिलेल्या. टाळ्या सुरू झाल्या. बाई मधल्या वाटेने चालत पुढे आल्या आणि त्याच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या.

भिंगाने पान वर सरकवलं. पहिल्या ओळीत प्रोग्रॅमचं नाव होतं, आणि तेच पडद्याच्या वर माणसाएवढ्या अक्षरांत होतं. दुसऱ्या ओळीत लिहिणाऱ्याचं नाव होतं. ते त्याने मोठ्याने वाचलं आणि वळून बाईंच्या गळ्यातल्या कार्डाकडे पाहिलं. तिथेही तेच होतं.