दोघांसाठी स्की पास

बर्फावर स्कीइंग करायला यंदा रिसॉर्टांचा कुठला स्की पास घ्यायचा, यावरून माझा मुलगा कौस्तुभ आणि सून रेवती पुन्हा भांडली.

“तू तर लॉजमध्ये हॉट चॉकलेट प्यायला येतेस.”

“तुझं तोंड बघत डोंगरावर नेणाऱ्या स्की-लिफ्टमध्ये बसण्यापेक्षा ते बरं.”

मग रेवती माझ्याकडे वळली. “बाबा, तुम्ही दिवसभर वाचतच असता. तुम्हीच कंपेअर करून सांगा.”

मी सगळ्या पासांची माहिती दोनदा वाचली. दर वीकेंडला जाणाऱ्या कौस्तुभला एक पास परवडत होता, फक्त ख्रिसमसला जाणाऱ्या रेवतीला दुसरा. आपलंच काही चुकलं असेल, असं वाटून मी चाचरत म्हणालो, “पण हे दोन्ही पास जिथे चालतील असं एकही रिसॉर्ट नाही. तुम्हाला एकत्र जाता येणार नाही.”



“मग तेच घेऊ, बाबा,” दोघं एका सुरात म्हणाली.