मूळ भाडेकरू

"अंगठा घ्यावा लागेल," भाडे-कचेरीतला तपासनीस म्हणाला आणि त्याने बॅगेतून शाईची डबी काढली.

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. अंगठ्याचं कोणी बोललंच नव्हतं.

भाडं वाढू न देणारा कायदा आणखी दहा वर्षं चालू राहणार होता, पण मूळ भाडेकरू हयात हवा आणि त्याच घरात राहत असायला हवा. इथं दोन खोल्या आणि अकरा माणसं. एवढ्या खटल्याला गावात दुसरीकडे कोणी दारातही उभं करत नव्हतं. आणि मूळ भाडेकरू, म्हणजे सासरे, मागच्या थंडीत नणंदेकडे गेले असताना वारले. तिकडेच सगळं उरकलं. इकडे घरमालकाला कानोकान खबर लागू दिली नाही.

सासरे मोठ्या मनाचे. कोणीही नातेवाईक पेटी घेऊन दारात आला की म्हणायचे, "जरा सरकून घ्या." सरकता सरकता माणसं अकरा झाली. सासूबाई शेवटी ओट्याखाली झोपायच्या. त्या तिथंच गेल्या.

आज सासऱ्यांच्या खाटेवर लाँड्रीवाल्याचे काका झोपणार होते. तेवढीच उंची आणि खोकलाही जवळपास तसाच. खाटेभोवती पडदा होता आणि पडदा ओढलेला असला की आत डोकावायचं नाही, ही या घरची रीत. अकरा माणसांत एकमेकांची लाज राखायची तर दुसरं करणार काय? दुपारी सूनबाई शिवणयंत्रावरून उठली तेव्हा पडदा ओढलेला होता आणि आत कोणी खोकत होतं. नवऱ्याने काकांना वेळेवर आणलं, म्हणून तिला हायसं वाटलं होतं.

"आजोबा, हात द्या बरं."

पडद्याच्या फटीतून सुरकुतलेला हात बाहेर आला. तपासनीसाने अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला. मग जुना करार शेजारी ठेवून भिंग लावलं. नवरा भिंतीला टेकून घाम पुसत होता. आता सगळे रस्त्यावर, एवढंच सूनबाईला दिसत होतं.

"तंतोतंत," तपासनीस म्हणाला आणि त्याने सही ठोकली. "मिळाली तुम्हाला दहा वर्षं. त्यांना पांघरूण घाला हो, हात फार गार पडलाय."

तो जिना उतरून गेला. मग सूनबाईला रडूच फुटलं.

"आंधळा होता की देवमाणूस?" ती म्हणाली.

"आपल्याला काय करायचंय? काकांना आधी चहा दे," नवरा हसत म्हणाला. "बरं झालं, तू त्यांना वेळेवर आणलंस."

"मी?"

तेवढ्यात दार वाजलं. उंबऱ्यावर लाँड्रीवाल्याचे काका धापा टाकत उभे होते.

"बस बंद पडली हो वाटेत! साहेब येऊन नाही ना गेला? कुठली खाट माझी?"

पडद्यामागे खाट करकरली.

"दहा वर्षं मिळाली ना रे?" ओळखीचा आवाज आला. "मग जरा सरकून घ्या. तुझी आईही आलीय."