उभा थर

"हा सिंह आहे की पट्ट्यापट्ट्यांचा वाघ?" सर एव्हरार्डनी छडीचं टोक दगडावर आपटलं.

नव्या हवेलीच्या दर्शनी दारावर त्यांच्या घराण्याचा सिंह बसायचा होता. गुळाच्या रंगाच्या त्या दगडावर रूबेन पाथरवटाने कोळशाने सिंह रेखला होता. दगडाचे थर आडवे होते. त्यांच्या बारीक रेघा सिंहाच्या थोबाडावरून सरळ गेल्या होत्या.

"फिरव हा दगड. ही बाजू बघ, लोण्यासारखी आहे. सिंह इथे काढ."

रूबेनचा जोडीदार एमॉस काहीतरी बोलायला गेला. रूबेनने त्याचा पाय दाबला.

दगड खाणीत जसा आडवा पडलेला असतो तसाच भिंतीत बसवायचा, हे पाथरवटाच्या पोराला चालायच्या आधी कळतं. थर उभा करून दर्शनी लावला की पाणी आत शिरतं, थंडीत गोठतं आणि कोरलेलं सगळं पापुद्र्यांनी सुटून येतं. चाळीस वर्षांत रूबेनने एकही दगड चुकीचा बसवला नव्हता. एवढ्याशा गोष्टीवरून तो बड्या बड्यांशी भांडला होता. कालचा दिवस असता तर आजही भांडला असता.

पण सर एव्हरार्ड बागेच्या नव्या पायरीवर उभे होते. खिडकीतून देखावा नीट दिसत नाही म्हणून त्यांनी लिटल कोम हे अख्खं गाव उठवलं होतं. चर्च पाडलं, दफनभूमीवर तळं केलं. थडग्यांवरचे दगड कुठे गेले ते कोणी सांगत नव्हतं. आज सकाळी रूबेनला त्या पायरीच्या कडेला आयव्हीच्या वेलीची कोरीव पानं दिसली. ती त्यानेच कोरली होती, बायको थर्झा गेली त्या वर्षी, तिच्या थडग्याच्या दगडावर. आता थर्झाचं नाव मातीकडे तोंड करून पडलं होतं आणि वर सरकारांचे चिखलाचे बूट होते.

"टिकेल ना रे? माझ्या पणतवाला दिसला पाहिजे."

"दगड आहे सरकार, लोणी नव्हे," रूबेन म्हणाला. "तुम्ही म्हणाल तसाच लावतो."

सर एव्हरार्ड खूश होऊन निघून गेले. दोघांनी पहारीने दगड फिरवला.

"वेड लागलंय का तुला?" एमॉस पुटपुटला. "तीस हिवाळे काढील फार तर."

"वीस. दार उत्तरेला आहे."

"लोक तुझ्या नावाने शंख करतील. म्हणतील, म्हाताऱ्याला दगड कळत नव्हता."

हे मात्र रूबेनला लागलं. बायको गेल्यावर त्याच्याकडे कामाचं नाव तेवढंच उरलं होतं. तो पायरीपाशी जाऊन खाली बसला आणि बाहीने चिखल पुसला.

"म्हणू देत. थर्झा बघ कशी निजलीये. आडवी, खाणीत होती तश्शी. अक्षरं खाली, कोरडी. तिला थंडी शिवायची नाही. स्वतः उभं राहून नीट बसवून घेतलीये त्या एव्हरार्डने."

"आणि तुझी पाथरवटाची खूण? ती तरी नको घालूस या दगडावर."

"घालणार. त्याला कळायला नको कोणी केलं?"

एमॉसने मान हलवली, पण दगडाखाली पाचर त्यानेच ठोकली.

रूबेनने नवा सिंह रेखला. मग छिन्नीला धार लावली आणि नाक आधी कोरायला घेतलं, जन्मात कोरलं नव्हतं इतकं सुबक. पहिलं तेच गळणार होतं.