बाहेरचा एक जाणकार

"भरीत कसलं, लगदा शे हा. कपाशीच्या काड्यांवर भाजल्याचा वास तरी येतो का?" धुळ्याचा शाखावाला शेजारच्याच्या कानात कुरकुरला.

भरिताच्या दुकानाच्या शाखांचं सल्लागार मंडळ आज जळगावात पहिल्यांदाच जेवायला बसलं होतं. मंडळात पाच शाखावाले आणि त्यांनीच निवडलेला बाहेरचा एक जाणकार असावा, हा नियम मालक ललितचाच. शाखावाल्यांनी झुंबरअक्काला आणलं. पंधरा वर्षं ललितच्या दुकानात वांगी भाजणारी, ठेचणारी अक्का. मशीन आलं त्याच दिवशी ललितने तिला साडी-नारळ देऊन घरी पाठवलं होतं.

"कसं झालंय भरीत?" ललितने विचारलं.

"एक नंबर, भाऊ!" पाचही जण म्हणाले.

"मग गिऱ्हाईक का तुटतंय? काय कमी आहे यात, ते तरी सांगा!"

अक्काने सावकाश हात धुतले, पदराला पुसले. दोन वर्षं ती याच प्रश्नाची वाट बघत होती.

"मी कमी शे, ललित," ती म्हणाली. "अन् मी काही परत येनार नही."