खलनायकाच्या कडेवर

“त्या राक्षसाच्या हातात लेक देऊ नकोस गं,” सासूबाईंनी बजावलेलं. मी हसण्यावारी नेलं. मालिकांमधून तीस वर्षं खलनायक रंगवणाऱ्या काकांना शूटिंगमध्ये माझ्या तान्हुलीला पळवायचं होतं आणि तिने रडायला हवं होतं. पण ती त्यांची चिकटवलेली मिशी ओढून खिदळत होती. दिग्दर्शक वैतागला. “चिमटा काढा तिला!” मी धावणार तोच काकांनी तिला छातीशी धरलं. “पोरीला हात लावायचा नाही. हसू दे तिला. रडवायचं काम माझं.” कॅमेरा सुरू झाला. हसऱ्या बाळाला थोपटत, अंगाईच्या सुरात त्यांनी मालिकेतल्या आईला फोनवर धमकावलं. लाइटवाला डोळे पुसू लागला, दिग्दर्शक ‘कट’ म्हणायचंच विसरला. याच प्रसंगाने काकांना तीस वर्षांतलं पहिलं पारितोषिक मिळवून दिलं. पडद्यावर तान्हं बाळ रडताना दिसलं, तर त्याला कुणी चिमटा तर काढला नाही ना, एवढं विचाराल ना?